शेवटच्या माणसालाही दिसणारं मैदान : खासबाग

मंडळी, आपल्या सातारा-सांगलीकडच्या जत्रेतली कुस्ती आठवून बघा. पुढचे मातीत बसलेले, मागचे उभे, त्यांच्यामागचे ट्रॉलीवर आणि झाडावर. कुस्ती निकाली झाली की मागून हमखास आवाज येतो, "कोण पडला रं?"

हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी कोल्हापुरात सोडवला गेला. 1902 साली शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले होते. त्या प्रवासात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं. तसं मैदान आपल्याकडे कुस्तीसाठी हवं, असं त्यांच्या मनानं घेतलं. 1907 मध्ये खासबागेचं काम सुरू झालं आणि 1912 मध्ये मैदान तयार झालं.

रचना अगदी साधी आहे. मधोमध तांबड्या मातीचा गोल हौदा आणि चहूबाजूंनी मागं चढत जाणारी बैठक. मध्ये ना खांब, ना छप्पर. तीस हजारांवर माणसं बसतात आणि कुणाचं डोकं कुणाच्या आड येत नाही.

आता याचं महत्त्व काय? कुस्तीचा निकाल पाठीवर असतो. पाठ लागली की नाही, हे क्षणात घडतं. तेव्हा लाउडस्पीकर नव्हते, पडद्यावर पुन्हा दाखवायची सोय नव्हती. सगळ्यांना दिसलं, तर सगळेच साक्षीदार. मग पंचालाही चूक करताना दहादा विचार करावा लागतो. आणि गरिबाघरच्या पैलवानाची जीत कुणाला दडपता येत नाही.

कोल्हापूरच्या या कुस्तीच्या वातावरणाचा लाभ आपल्या भागालाही झाला. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापुरात राजाराम कॉलेजात शिकले. 1952 साली हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर कोल्हापुरातच घडले आणि 1960 साली हिंदकेसरी झाले.

आज गावोगावी मैदानं होतात. आधी पाहुण्यांचं व्यासपीठ ठरतं, मग उरलेल्या जागेत लोक. आपण उलटं करून बघूया. आधी शेवटच्या रांगेत जाऊन बसायचं आणि तिथून हौदा दिसतो का, ते बघायचं. दिसला, तर मैदान जमलं म्हणायचं.