दूरचित्रवाणीवरील मुलाखत आणि दृश्यांची पूर्वतयारी

७ जून २०२५ रोजी झालेल्या पावसात हिंजवडीच्या राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यानातील रस्ते जलमय झाले. वृत्तवाहिन्यांवर त्याविषयी जी दृश्ये फिरली, त्यांतील अनेक तेथील नोकरदारांनी व रहिवाशांनी मोबाईलवर टिपलेली होती. निवेदनांतून वारंवार मांडलेले गाऱ्हाणे काही सेकंदांच्या चित्रणाने घरोघरी पोहोचले. हिंजवडी, माण, वाकड या परिसरात आपली अनेक कॅथोलिक कुटुंबे राहतात. उद्या त्यांच्यापैकी कोणासमोर किंवा धर्मग्रामाच्या प्रतिनिधीसमोर वाहिनीचा ध्वनिक्षेपक आला, तर केवळ बोलण्याची तयारी पुरेशी ठरणार नाही.

बातमीची एकूण लांबी बहुधा दीड-दोन मिनिटांची असते. मुलाखत दहा मिनिटे चालली तरी तिच्यातील पंधरा-वीस सेकंदांचा ‘बाईट’ तेवढा घेतला जातो. उरलेल्या वेळात निवेदकाचा आवाज आणि दृश्ये असतात. ही दृश्ये आपण दिली नाहीत, तर वाहिनी आपल्या संग्रहातील जुनी दृश्ये वापरते. चर्चविषयीची बातमी कोणतीही असो, पडद्यावर नाताळच्या मेणबत्त्याच दिसाव्यात, याचे एक कारण हेही आहे!

तयारीची सुरुवात कॅमेऱ्यापासून करू नये. आपल्याला सांगायचे आहे ते प्रथम एका वाक्यात लिहावे आणि ते कोणत्या दृश्याने सिद्ध होईल याचा विचार करावा. ‘येथे दर पावसाळ्यात पाणी साचते’ हे सांगायचे असेल, तर एकाच ठिकाणाचे, एकाच कोनातून घेतलेले कोरडे व पाण्याखालचे अशी दोन चित्रणे लागतात. चौकटीत विजेचा खांब किंवा दुकानाची पायरी आली, तर पाण्याची उंची वेगळी सांगावी लागत नाही. हिंजवडीत ओढ्या-नाल्यांचे प्रवाह अडल्याचे कारण चर्चेत आले होते. असे कारण छायाचित्रात मावत नाही. त्यासाठी साधा नकाशा काढावा व त्यावर तीन-चार नावांहून अधिक काही लिहू नये. पडद्याच्या खालच्या भागात वाहिनीची अक्षरपट्टी येते, म्हणून तेथे महत्त्वाचा मजकूर ठेवू नये.

चित्रण करताना मोबाईल आडवा धरावा. प्रत्येक दृश्य किमान दहा सेकंद हात न हलवता घ्यावे. आधी संपूर्ण परिसर, मग माणसे, मग एखादा तपशील, असा क्रम ठेवल्यास संकलकाचे काम सोपे होते. मागे भक्तिगीत किंवा पार्श्वसंगीत मुळीच जोडू नये. पावसाचा, वाहनांचा मूळ आवाज वाहिनीला हवा असतो. व्हॉट्सॲपवर नेहमीप्रमाणे पाठविलेले चित्रण आकुंचित होऊन अस्पष्ट होते, म्हणून ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. सोबत स्थळ, दिनांक, वेळ आणि चित्रण कोणी केले हे लिहून द्यावे. मूळ प्रत स्वतःजवळ ठेवावी.

दिनांक-वेळेचा आग्रह का, हे सांगणे अगत्याचे आहे. १९ मार्च २०२५ रोजी हिंजवडीत कर्मचाऱ्यांना नेणाऱ्या एका टेम्पो ट्रॅव्हलरला आग लागून चार जणांचा मृत्यू झाला. प्रारंभी तो अपघात समजला गेला. चालकानेच आग लावल्याचा आरोप पोलिसांनी नंतर केला. जळत्या वाहनाचे दृश्य दोन्ही वेळी तेच होते आणि ते खरेही होते. दृश्य काय घडले ते दाखवते. का घडले हे त्यावरून सांगता येत नाही. म्हणून मुलाखत देणाऱ्याने जे पाहिले तेवढेच सांगावे. मृतांच्या आप्तांचे आक्रोश करणारे चेहरे तर कोणालाही देऊ नयेत, वाहिनीने मागितले तरीही.

हीच मर्यादा आपल्या सेवाकार्यालाही लागू आहे. धान्यवाटपाची छायाचित्रे देताना घेणाऱ्याचा संकोचलेला चेहरा दाखविण्याची गरज नसते. पिशव्या भरणारे हात पुरेसे बोलके असतात. बालकांच्या बाबतीत पालकांची लेखी संमती घ्यावी. अत्याचारपीडित बालकाची ओळख उघड करण्यास कायद्याने मनाई आहे.

आणखी एक सूचना. कॅमेरा आसपास असताना खासगी असे काही उरत नाही. २६ जुलै २०२५ रोजी पहाटे हिंजवडीच्या पाहणीत तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी सरपंचांना जे सुनावले, ते औपचारिक मुलाखतीत नव्हते. पण आयटी पार्क राज्याबाहेर चालल्याचे त्यांचे ते उद्गारच दिवसभर वाहिन्यांवर गाजले.

ख्रिस्तसभेला हे माध्यम परके नाही. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संपर्कमाध्यमांविषयीचे आपले फर्मान प्रसिद्ध केले. १९५८ साली पोप पायस बारावे यांनी असिसीच्या संत क्लेर यांना दूरचित्रवाणीच्या आश्रयदात्या संत म्हणून घोषित केले होते. आजारपणामुळे मिस्साला जाऊ न शकलेल्या क्लेर यांना आपल्या खोलीतच मिस्साचे दर्शन घडले, अशी कथा आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ च्या संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशासाठी ‘या आणि पाहा’ हे शब्द निवडले आणि प्रत्यक्ष जाऊन पाहण्यावर भर दिला. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने पूर न आलेल्या रस्त्यावरही पूर दाखविता येतो. असे एकही चित्र आपल्या संग्रहात मिसळले, तर उरलेल्या खऱ्या चित्रांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. म्हणून दुसऱ्याने पुढे पाठविलेले आणि मूळ ठाऊक नसलेले चित्रण वाहिनीच्या हाती देण्याआधीच बाजूला काढावे.