टक्के किती आणि उतरतात किती

पहाटे 5.30. धायरीत गारमाळच्या वर्कशॉपांची शटर अजून खाली असतात, पण रुग्णालयांच्या ऑक्सिजन टाक्यांचे रात्रभरचे आकडे माझ्या फोनवर आलेले असतात. टाकीत ऑक्सिजन उणे 183 अंशांना द्रवरूपात असतो. तळाचा दाब आणि वरचा दाब यांतला फरक सेन्सर मोजतो, त्यावरून लिक्विड किती उरलं ते कळतं, आणि सिमकार्डावरून तो आकडा दर तासाला येतो. पूर्वी माणूस गेजपाशी जाऊन काटा वाचायचा आणि फोन करायचा. रात्री वाढलेला खप सकाळी उजाडल्यावर कळायचा.

6.00. दहा हजार लिटरची एक टाकी 28 टक्क्यांवर आहे. तिथे दिवसाला तीनेक टक्के जातात, शुक्रवारपर्यंत चिंता नाही. महामार्गापलीकडच्या छोट्या रुग्णालयाची टाकी हजार लिटरची, 46 टक्के भरलेली. पण ती मध्यरात्रीपासून तासाला सव्वा टक्क्याने उतरतेय. फोन लावतो.

"सिस्टर, रात्री आयसीयूत कोणी हाय-फ्लोवर आलंय का?"

"दोघं आलेत, सर. तीन-चार दिवस तरी लागेल म्हणतात डॉक्टर."

हिशेब लगेच जुळतो. मिनिटाला 60 लिटर शुद्ध ऑक्सिजन लागणारा एक रुग्ण दिवसाला 86,400 लिटर वायू घेतो. एक लिटर लिक्विडपासून साधारण 860 लिटर वायू होतो, म्हणजे एका रुग्णामागे रोज शंभर लिटर लिक्विड, त्या टाकीचे दहा टक्के. या वेगाने उद्या संध्याकाळी टाकी तळाला जाईल. भरणा आजच हवा.

7.00. चाकणहून निघालेल्या टँकरचा क्रम बदलतो. "काका, वारज्याचं नंतर करू, आधी इकडे या." नवले पुलाजवळ कोंडी झाली की तासभर तिथेच जातो, म्हणून दुपारची वेळ धरतो.

1.00. भरणा. पाइप जोडण्याआधी हातमोज्यांवर, चिंध्यांवर तेल-ग्रीस नाही ना, हे काका स्वतः पाहतात. ऑक्सिजनजवळ ते पेट घेतं. मी पातळीबरोबर वॉर्डाकडे जाणाऱ्या लाइनचा दाबही बघत असतो. 21 एप्रिल 2021 ला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागली, पुरवठ्याचा दाब घसरला आणि त्या दिवशी 22 रुग्ण गेले. टाकीत लिक्विड असणं आणि ते रुग्णापर्यंत पोचणं यांत किती अंतर आहे, हे त्या दिवसानंतर नजरेआड करताच येत नाही. राखीव बाटले भरलेत ना, हे म्हणूनच मी दर भरण्याला विचारतो, ऐकणारा वैतागला तरी.

4.30. गारमाळातल्या फॅब्रिकेशनवाल्यांचे आर्गॉनचे बाटले. इथे सेन्सर नाहीत, फोनवरच चालतं. बाटला उशिरा पोचला तर वेल्डिंग थांबतं, नुकसान होतं. पण ते भरून काढता येतं. 2021 च्या त्याच एप्रिलात केंद्राने बहुतेक उद्योगांचा ऑक्सिजन थांबवून रुग्णालयांकडे वळवला, तो याच न्यायाने.

9.00. दुपारी 90 पर्यंत भरलेली टाकी 81 वर आलीय. वेग तोच. परवा सकाळी ती चाळिशीला टेकेल, म्हणून उद्या संध्याकाळच्या फेरीत तिचं नाव पहिलं लिहितो.