आज्ञावली लिहिणारा मदतनीस कसा निवडावा?

पाथरी : संगणकाची आज्ञावली लिहून देणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे मदतनीस आता पाथरीसारख्या तालुक्याच्या गावातूनही वापरता येतात. मात्र, त्यांच्या कार्यपद्धती भिन्न आहेत.

२०२२ मध्ये सर्वांसाठी खुला झालेला 'गिटहब कोपायलट' नेहमीच्या संपादकात जोडला जातो व पुढील ओळी सुचवितो. 'कर्सर' हा स्वतंत्र संपादकच आहे. २०२५ मध्ये आलेला 'क्लॉड कोड' फायली वाचून बदल करतो आणि चाचण्याही चालवितो. आता अन्य दोघांतही अशी सोय आहे. तिघांचाही वापर करताना आज्ञावलीचा मजकूर कंपनीच्या सर्व्हरकडे जातो. गोपनीय कामासाठी 'क्वेन कोडर'सारखे प्रारूप स्वतःच्या संगणकावर चालविता येते; त्यासाठी पुरेशी मेमरी हवी.

वेगाचा दावा तपासूनच घ्यावा. 'मीटर' या अमेरिकी संस्थेने २०२५ च्या पूर्वार्धात १६ अनुभवी विकासकांकडून २४६ कामे करून घेतली. मदतनीस वापरल्यावर त्यांना १९ टक्के अधिक वेळ लागला. काम २० टक्के लवकर झाले, असा मात्र त्यांचा समज होता.

म्हणून तुलनेसाठी प्रत्येकाला एकच काम द्यावे. उदाहरणार्थ, कापूस खरेदीची पावती: वजन, दर, कपात व देय रक्कम. मग वजन शून्य किंवा उणे टाकून पाहावे. पहिले उत्तर किती लवकर आले यापेक्षा अचूक पावती निघेपर्यंत लागलेला एकूण वेळ मोजावा. चुकलेल्या पावतीचा भुर्दंड मदतनिसाला नव्हे, शेतकऱ्याला पडतो.