छोट्या काडतुसाच्या अर्धस्वयंचलित रायफली

कुंभकोणम येथे शिकणारा राष्ट्रीय छात्र सेनेचा विद्यार्थी नेमबाजीच्या मैदानावर प्रथमच पालथा पडून नेम धरतो, तेव्हा त्याच्या हाती सामान्यतः ०.२२ इंची नळीची, म्हणजे बोलीतली ‘पॉइंट टू-टू’ची रायफल असते. पंचवीस यार्डांवरचे कागदी लक्ष्य, मोजून दिलेली काडतुसे आणि प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागे ओढून पुन्हा पुढे ढकलण्याची शिस्त, एवढाच त्याचा या शस्त्राशी परिचय. कोल्हापूरच्या किंवा नागपूरच्या छात्राचा अनुभवही याहून वेगळा नसतो. परंतु जवळजवळ त्याच आकाराच्या काडतुसावर चालणारी, आणि बोल्ट हाताळण्याचे श्रम नेमबाजाला न देणारी रायफल अमेरिकेत शंभराहून अधिक वर्षे प्रचारात आहे. तेथे शेतकऱ्याची मुले कुंपणावर मांडलेल्या पत्र्याच्या डब्यांवर नेम धरून संध्याकाळ घालवतात. गोळी डब्यावर आदळताना जो आवाज होतो त्यावरून या मौजेच्या नेमबाजीला तेथे ‘प्लिंकिंग’ असे नावच पडले आहे. या रायफलींत परस्परांमध्ये कोणता फरक आहे, कोणती कोणाच्या सोयीची आहे, आणि कुंभकोणमच्या छात्राला ती का मिळत नाही, या प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

काडतुसाची रचना

या रायफलींचे गुणदोष समजून घेण्यासाठी प्रथम त्यांच्या काडतुसाची रचना पाहिली पाहिजे. सर्वसाधारण लष्करी काडतुसाच्या बुडाशी मध्यभागी एक लहान टोपी बसवलेली असते व तिच्यावर आघात झाला की दारू पेटते. छोट्या काडतुसात अशी टोपी नसते. पितळी पुंगळीच्या बुडाशी जी पोकळ कड असते, तिच्यातच स्फोटक मसाला भरलेला असतो. आघाताची कांडी ही कड चेपते आणि ठिणगी पडते. यावरूनच त्याला रिमफायर, म्हणजे कडेवर पेटणारे काडतूस, असे म्हणतात. फ्रान्समध्ये फ्लोबेर याने १८४५ च्या सुमारास या कल्पनेचा पाया घातला. अमेरिकेत स्मिथ अँड वेसन कंपनीने १८५७ साली ०.२२ शॉर्ट हे काडतूस आणले, आणि १८८७ साली स्टीव्हन्स कंपनीने आज सर्वत्र रूढ असलेले ०.२२ लाँग रायफल हे काडतूस तयार केले.

कड चेपता यावी म्हणून पुंगळीचा पत्रा पातळ ठेवावा लागतो, आणि पत्रा पातळ असल्यामुळे आतील दाबाला मर्यादा पडते. गोळीचे वजन अवघे अडीच ग्रॅमच्या आसपास असते. धक्का नाममात्र, आवाज सौम्य आणि किंमत अल्प, अशा तिहेरी सोयीमुळे हे काडतूस नवशिक्यांचे आवडते झाले. परंतु ते निरुपद्रवी आहे असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. योग्य कोनातून सुटलेली ही गोळी सुमारे दीड मैलापर्यंत जाऊ शकते. पत्र्याच्या डब्यामागे मातीचा भक्कम बांध नसेल, तर मौजेची नेमबाजी शेजारच्या शिवारातील माणसाच्या जिवावर बेतू शकते.

अर्धस्वयंचलित म्हणजे काय

चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते; मात्र रिकामी पुंगळी बाहेर फेकणे, यंत्रणा पुन्हा ताणणे आणि नवे काडतूस नळीच्या कोठीत बसवणे ही तिन्ही कामे रायफल स्वतःच करते, अशा शस्त्राला अर्धस्वयंचलित म्हणतात. पुढची गोळी सोडण्यासाठी चाप सोडून पुन्हा ओढावा लागतो. चाप दाबून धरला असता गोळ्या सुटतच राहतात ते पूर्ण स्वयंचलित शस्त्र. त्याची जात निराळी.

रिमफायरचा दाब कमी असल्याने येथील यंत्रणा साधी ठेवता येते. बोल्टला कुलूप नसते. केवळ स्वतःचे वजन आणि मागची स्प्रिंग यांच्या बळावर तो जागी राहतो. गोळी नळीतून निघून जाते, आणि पुंगळीने मागे रेटलेला बोल्ट स्प्रिंग दाबीत मागे सरकतो व परत येताना नवे काडतूस पुढे ढकलतो. वजन आणि बळ यांचा हा हिशेब एका ठरावीक जोमाच्या काडतुसासाठी मांडलेला असतो. मंदगती काडतूस वापरले तर बोल्ट पुरेसा मागे जात नाही आणि रायफल अडते. म्हणून या रायफलींचा पुष्कळसा दोष शस्त्राकडे नसून न जुळणाऱ्या काडतुसाकडे असतो.

या अडचणीचा अनुभव प्रारंभीच आला होता. विंचेस्टर कंपनीने १९०३ साली अर्धस्वयंचलित रिमफायर रायफल विक्रीस काढली, त्या वेळी बाजारात काळ्या दारूची ०.२२ काडतुसे सर्रास मिळत. त्या दारूच्या काजळीने यंत्रणा भरून जाईल या भीतीने कंपनीने या रायफलीसाठी निर्धूर दारूचे वेगळ्या मापाचे स्वतंत्र काडतूसच बनवले. रायफल चांगली होती, पण ते काडतूस दुसऱ्या कशातच चालत नसे. आज ते दुर्मिळ झाले आहे.

चार प्रमुख रायफली

जॉन ब्राउनिंग या विख्यात शस्त्रकल्पकाची ०.२२ रायफल बेल्जियममधील एफएन कारखान्याने १९१४ पासून बनवली. तिच्या काडतुसांची नळी दस्त्यात असते, रिकाम्या पुंगळ्या खालच्या बाजूने पडतात, आणि एका वळशात तिचे दोन भाग सुटे होतात. डावखुऱ्या नेमबाजाच्या तोंडावर पुंगळी उडत नाही हा तिचा विशेष गुण. घडण नाजूक व देखणी. किंमतही त्याच मानाने चढी. पुढे तिची निर्मिती जपानमध्ये होऊ लागली.

रेमिंग्टन कंपनीची नायलॉन ६६ ही १९५९ साली बाजारात आली तेव्हा जुन्या नेमबाजांनी नाके मुरडली, कारण तिचा दस्ता लाकडाचा नसून नायलॉनचा होता. या शंकेला उत्तर म्हणून कंपनीचा नेमबाज टॉम फ्राय याने हवेत फेकलेल्या १,००,०१० लाकडी ठोकळ्यांवर गोळ्या झाडल्या. त्यांपैकी केवळ सहा चुकले. वजनाने अतिशय हलकी, पावसाची वा थंडीची पर्वा न करणारी आणि तेलाविनाही चालणारी ही रायफल तीस वर्षांच्या आसपास बनत राहिली आणि दहा लाखांहून अधिक विकली गेली. दस्त्यातील नळीत चौदा काडतुसे मावत. तिचा दोष म्हणजे ती खोलून पुन्हा जुळवणे नवख्याला सहज जमत नाही.

मार्लिन मॉडेल ६० ही १९६० सालची. तिची काडतुसांची नळी मुख्य नळीच्या खाली असते. जुन्या रायफलींत सतरा-अठरा काडतुसे बसत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ही संख्या चौदावर आणण्यात आली. मुख्य नळीच्या अंतर्भागात अनेक उथळ पीळदार खोबणी असल्याने, किमतीच्या मानाने तिचा नेम फार चांगला असतो. अल्प दर आणि उत्तम नेम यांमुळे ती लाखोंच्या संख्येने घराघरांत गेली. परंतु तिच्यात काडतुसे भरताना हात नळीच्या तोंडाजवळ न्यावा लागतो. कोठीत विसरलेले काडतूस असेल तर ही कृती धोक्याची ठरू शकते. मार्लिन कंपनीची मालकी २०२० साली रुगर कंपनीकडे गेली.

रुगर १०/२२ ही १९६४ साली विल्यम रुगर यांनी आणली व आज ती या वर्गातील सर्वांत प्रसिद्ध रायफल आहे. नावातील दहा हा आकडा तिच्या मॅगझिनचा. त्यात काडतुसे एकावर एक न ठेवता एका फिरत्या चक्राभोवती मांडलेली असतात. त्यामुळे एका काडतुसाची कड दुसऱ्याच्या कडेत अडकत नाही. ही कड रिमफायरचा जीव, आणि मॅगझिनची डोकेदुखीही तीच. फिरत्या चक्राने ती बऱ्याच अंशी मिटवली. मॅगझिन दस्त्याशी समतल बसते. मुख्य नळी दोन स्क्रूंनी धरलेली असल्याने ती घरच्या घरी बदलता येते. परिणामी नळी, दस्ता, चाप यांचे सुटे भाग बनवणारे एक मोठे बाजारपेठीय विश्वच तिच्याभोवती उभे राहिले. कारखान्यातून निघालेल्या साध्या रायफलीचा नेम मार्लिनइतकाच किंवा किंचित उणा असतो, असे अनेक अनुभवी नेमबाज मानतात. मात्र सुधारणेला जेवढा वाव येथे आहे तेवढा इतरत्र नाही. शेवटची गोळी सुटल्यावर बोल्ट आपोआप उघडा राहत नाही, ही तिची एक ठळक उणीव.

यानंतर २००९ साली स्मिथ अँड वेसन कंपनीने लष्करी रायफलीच्या धर्तीवर दिसणारी, बहुतांशी प्लास्टिकची व पंचवीस काडतुसांच्या मॅगझिनची रिमफायर रायफल काढली. तिचे काडतूस मात्र तेच जुने, साधे. रूप बदलले म्हणून गोळीचे सामर्थ्य बदलत नाही.

निवड कशी करावी

ज्याला कमी खर्चात चांगला नेम हवा त्याला मार्लिन, ज्याला वर्षानुवर्षे सुधारणा करीत राहण्याची हौस त्याला रुगर, ज्याला पाठीवर टाकून रानोमाळ हिंडावयाचे त्याला नायलॉन ६६, आणि ज्याला कारागिरीचे मोल वाटते त्याला ब्राउनिंग मानवेल, असे ढोबळमानाने म्हणता येईल. तथापि घरातील नवशिक्याचा विचार करता काढता येण्याजोगे मॅगझिन अधिक सोयीचे, कारण रायफल भरलेली आहे की नाही हे त्यावरून चटकन कळते. तेथेही एक सापळा आहे. मॅगझिन काढले तरी एक काडतूस कोठीत उरलेले असू शकते. बोल्टच्या रायफलीत प्रत्येक वेळी हात कोठीपाशी जातो आणि डोळाही जातो. अर्धस्वयंचलित रायफलीत यंत्र ते काम परस्पर उरकते, त्यामुळे डोळ्याने पाहण्याची जबाबदारी नेमबाजाला आठवणीने पार पाडावी लागते.

कायदा काय म्हणतो

ब्रिटनने १९८८ साली अर्धस्वयंचलित रायफलींवर बंदी घातली, पण ०.२२ रिमफायरला सूट दिली. न्यूझीलंडने २०१९ साली तसाच कायदा करताना दहा काडतुसांपर्यंतच्या रिमफायर रायफली वगळल्या. ऑस्ट्रेलियाने १९९६ नंतर त्यांवर कडक निर्बंध घातले व ज्यांना व्यवसायासाठी खरोखर गरज आहे अशांपुरतीच मोकळीक ठेवली. भारतात अशी सूट नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांत, पिस्तूल व रिव्हॉल्व्हर यांचा अपवाद करून, अर्धस्वयंचलित बंदुकांचा समावेश निषिद्ध शस्त्रांत केलेला आहे. काडतूस छोटे की मोठे, हा भेद तेथे केलेला नाही. असे शस्त्र केंद्र सरकारच्या विशेष परवानगीवाचून बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षे कारावासाची शिक्षा आहे. परदेशातील नातलगाच्या घरी हाताळलेली रायफल आठवणीखातर विकत घ्यावी, असे ज्याच्या मनात येईल त्याने ही गोष्ट आधी ध्यानी घ्यावी.

कुंभकोणमहून कावेरीच्या काठाने वर गेल्यास शंभरएक किलोमीटरच्या आतच तिरुचिरापल्लीचा शस्त्रकारखाना लागतो. तेथे सैन्यासाठी रायफली बनतात. सामान्य नागरिकाला त्यांचा उपयोग नाही. त्याला परवाना घेऊन ०.२२ ची बोल्टची रायफल बाळगता येते, किंवा ठरावीक मर्यादेतील हवाई बंदुकीवर सराव करता येतो.

एकेका काडतुसाची साधना

यात आपले काही मोठे गमावले, असे वाटण्याचे कारण नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथील जागतिक स्पर्धेत ५० मीटर प्रोन प्रकारात सुवर्णपदक मिळवले ते ०.२२ रिमफायरवरच. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री-पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकले, तेही याच छोट्या काडतुसावर. या स्पर्धांचा नियमच असा की रायफल एकावेळी एकच काडतूस घेणारी असावी आणि ते प्रत्येक वेळी हाताने भरावे. पन्नास मीटरवरच्या लक्ष्यातील दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, शर्टाच्या गुंडीएवढे. त्याचा वेध घेणाऱ्याला वेगाचा उपयोग नसतो. त्याला हवा असतो दोन गोळ्यांमधला अवकाश, ज्यात श्वास स्थिरावतो, मागची चूक कळते आणि पुढची टळते.

अर्धस्वयंचलित रायफल हा अवकाश नेमबाजाकडून काढून घेते. मौजेसाठी ते चालते, कदाचित मौजेचे मर्मही तेच असेल. परंतु शिकण्यासाठी हाताने भरलेले एकेक काडतूसच उपयोगी पडते. कुंभकोणमच्या मैदानावर पालथ्या पडलेल्या छात्राला बोल्ट पुन्हा ओढावा लागतो तेव्हा तो कंटाळत असेलही. त्या कंटाळ्यातच त्याचे खरे शिक्षण चाललेले असते.