पट्टी उबेत लावावी, खोका मग थंडीत ठेवावा

डिसेंबर उजाडला की आपल्या घराघरांतून खोकी बाहेर पडू लागतात. कोणी लेकीच्या घरी नाताळचा फराळ पाठवतो, कोणी परगावच्या भावाला काजू. पुढे जानेवारीपासून एप्रिलपर्यंत द्राक्ष बागाईतदारांची तर खोक्यांचीच गडबड असते. ही खोकी बहुधा दोन इंच रुंदीच्या एका चिकटपट्टीच्या भरवशावर प्रवासाला निघतात. आपण तिला सरसकट सेलोटेप म्हणतो. ती मध्येच सुटली की तळ उघडतो आणि वर्षाची मेहनत रस्त्यावर सांडते.

थंडीत हा धोका वाढतो. ग्वाल्हेरकडे जानेवारीच्या काही रात्री पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो. गोव्यात तशी थंडी नाही. पण शीतगृहात, मासळीच्या बर्फखान्यात आणि घरच्या फ्रीजमध्ये ती बारा महिने असते. पट्टी सुटली की आपण दुकानदाराला बोल लावतो, किंवा एकावर एक चार पट्ट्या मारतो. पुष्कळदा खरे कारण निराळेच असते. पट्टी चांगली असते, पण ती चुकीच्या वेळी लावलेली असते.

पट्टी चिकटते कशी?

ह्या पट्टीचे दोन भाग असतात. वरची पातळ फीत पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लॅस्टिकची असते आणि तिच्या पोटाला डिंकाचा थर असतो. दोन्ही मिळून जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा विसावा भाग किंवा त्याहून थोडी कमी.

हा डिंक पाण्याने ओला करावा लागत नाही, तापवावा लागत नाही. तो केवळ दाबाने चिकटतो. अमेरिकेतील थ्रीएम कंपनीच्या रिचर्ड ड्रू ह्यांनी १९२५ साली रंगाऱ्यांसाठी अशी कागदी पट्टी तयार केली आणि १९३० साली पारदर्शक सेलोफेनची. आजच्या खोक्यांची पट्टी त्याच कुळातली आहे.

पुठ्ठा डोळ्यांना गुळगुळीत दिसतो, पण बारकाईने पाहिले तर त्यावर कागदाच्या तंतूंचे उंचसखल रान असते. डिंक थोडासा वाहून त्या खाचाखोचांत उतरला, तरच पकड बसते. म्हणजे तो पाण्यासारखा पातळही नको आणि दगडासारखा घट्टही नको. थ्रीएममधील कार्ल डाल्क्विस्ट ह्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की डिंक ठरावीक मर्यादेपेक्षा कडक झाला की बोटाने कितीही दाबला तरी चिकटत नाही.

थंडी नेमके हेच करते. हिवाळ्याच्या सकाळी काकवीची बरणी कलती केली तरी ती लवकर ओघळत नाही, हे आपण पाहतोच. डिंकाचेही तसेच आहे. खोबरेल तेल जसे २४ अंशांच्या आसपास थिजते तसा तो एकदम थिजत नाही; तो हळूहळू ताठ होत जातो. पट्टी दिसायला तशीच असते, पण तिचा डिंक तंतूंत न उतरता नुसता टोकांवर टेकलेला राहतो. इकडे खोक्याचे दुमडलेले पाखे पुन्हा सरळ होऊ पाहतात आणि पट्टीला सतत ओढतात. अशा वेळी गाडीचा एक झटका पुरतो.

मऊ वस्तू थंडीत ताठ होते, ही गोष्ट क्षुल्लक समजू नये. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ यान उड्डाणानंतर फुटले आणि सात अंतराळवीर दगावले. त्या गारठलेल्या सकाळी यानाच्या रॉकेटच्या सांध्यातील रबरी कडीचा लवचीकपणा उणावला होता. चौकशीच्या वेळी रिचर्ड फाइनमन ह्या शास्त्रज्ञांनी त्या रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून सर्वांना दाखवले, की थंड झालेले रबर दाब काढल्यावर लगेच पूर्ववत होत नाही. खोक्याची गोष्ट लहान खरी, पण नियम तोच.

लावणे वेगळे, टिकणे वेगळे

मुख्य मुद्दा आता येतो. पट्टी ज्या तापमानात लावायची ते एक आणि लावल्यावर ती ज्या तापमानात टिकते ते दुसरे. उबेत लावून नीट बसलेली पट्टी पुढे बरीच थंडी सोसते, कारण डिंक आधीच तंतूंत शिरलेला असतो. मग तो कडक झाला तरी तेथेच अडकून राहतो. गारठलेल्या पुठ्ठ्यावर गारठलेली पट्टी लावली, तर मात्र ती मुळात चिकटलेलीच नसते. म्हणून साधारण १० अंशांच्या खाली पट्टी लावू नये. २० अंशांच्या वर लावणे उत्तम.

डिंकाच्या जातीनेही फरक पडतो. रबरी जातीचा, वितळवून थापलेला डिंक लावताक्षणी घट्ट पकडतो, पण थंडीत लवकर ताठ होतो. ॲक्रिलिक डिंकाची पहिली पकड बेताची असते; ती तासातासाने वाढते आणि पुरी व्हायला एक दिवसही लागतो. थंडी मात्र तो अधिक सोसतो.

खात्री करून घ्यायची असेल तर मुलांना हा प्रयोग करायला सांगावा. एकाच खोक्याचे दोन तुकडे घ्यावेत. एकावर दुपारच्या वेळी पट्टी लावून, तळव्याने दाबून तो रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावा. दुसरा कोरा तुकडा आणि पट्टीचे रीळही तेथेच ठेवावे. सकाळी त्या गार तुकड्यावर गार पट्टी लावावी आणि लगेच दोन्ही पट्ट्या सोलून पाहाव्यात. पहिली बहुधा कागदाचे तंतू ओरबाडून घेऊन येईल. दुसरी अलगद सुटेल.

बागाईतदारांसाठी

द्राक्षे तोडल्यावर ती लवकर थंड करावी लागतात आणि पुढे शून्य ते एक अंशाच्या आसपास साठवावी लागतात. पट्टी मुरण्यासाठी भरलेला माल दिवसभर बाहेर ठेवणे परवडणार नाही. ह्यावर उपाय सोपा आहे. ज्या खोक्यांचा तळ पट्टीने बंद करावा लागतो, त्यांचे तळ आदल्या दिवशीच उबदार, कोरड्या खोलीत चिकटवून ठेवावेत. मालाचे सारे वजन तळावर येते; वरच्या पट्टीला थोडेच सोसावे लागते. तळाला एक रात्र मिळाली की मोठी चिंता मिटते. भाजी आणि फुले पाठवणाऱ्यांनीही हेच करावे.

शीतगृहात दमटपणा फार असतो. पुठ्ठा ओलावा पितो आणि मऊ पडतो. गार खोके बाहेर काढले की त्यावर दव धरते. त्या दवावर नवी पट्टी लावणे व्यर्थ आहे, कारण डिंक आणि कागद ह्यांच्यामध्ये पाण्याचा पडदा येतो.

गोठवलेली मासळी किंवा मटार उणे १८ अंशांत ठेवतात. तेथे साध्या पट्टीवर विसंबू नये. फ्रीजरसाठी मुद्दाम बनवलेली पट्टी दुकानात मागावी, खोके गोठवण्यापूर्वी बंद करावे आणि जड खोक्याला प्लॅस्टिकचा पट्टाही आवळावा.

घरच्या औषधांसाठी

फ्रीजमध्ये इन्सुलिन ठेवणाऱ्या घरांत नाव किंवा तारीख लिहिलेली चिठ्ठी डबीवर लावतात. गार, दमट डबीवर लावलेली चिठ्ठी गळून पडते आणि कोणती डबी आधी वापरायची हे कळेनासे होते. औषध दुकानातून आणल्यावर आधी कोरड्या डबीवर चिठ्ठी लावावी, मगच ती फ्रीजमध्ये ठेवावी. चिठ्ठीसाठी गार औषध उबेत ठेवू नये. फ्रीजमधील औषध असेल तर चिठ्ठी कोरड्या प्लॅस्टिकच्या डब्यावर लावून औषध त्यात ठेवावे. मांस-मासळीच्या पिशवीवरील तारखेचेही तसेच. ती पिशवी भरण्यापूर्वीच लावावी.

लक्षात ठेवावे

१. पट्टीचे रीळ आणि कोरी खोकी आदल्या रात्री घरात ठेवावीत. ओसरीवर किंवा गाडीत नव्हे. पुठ्ठ्याची थप्पी सावकाश उबते.

२. पुठ्ठ्यावरील धूळ आणि ओल पुसून घ्यावी.

३. पट्टी दोन्ही टोकांना बाजूंवर पाच ते सात सेंटिमीटर उतरवावी आणि फडक्याने सबंध लांबी दाबून घासावी. हा डिंक दाबाचा भुकेला आहे.

४. पट्टीवर पट्टी चढवू नये. रीळ सहज उलगडावे म्हणून पट्टीची पाठ कमी चिकटेल अशीच केलेली असते. दुसरी पट्टी हवीच असेल तर शेजारच्या कोऱ्या पुठ्ठ्यावर लावावी.

५. पट्टी चुलीवर किंवा दिव्यावर शेकू नये. फीत आकसते आणि पेटतेही.

६. उन्हाळ्यात रिळे बंद गाडीत ठेवू नयेत. अति उष्णतेने डिंक कडांतून बाहेर येतो.

ह्यासाठी जास्तीचा पैसा लागत नाही. आदल्या संध्याकाळी अर्धा तास काढून खोक्यांचे तळ बंद करून ठेवले, की सकाळी गारठ्यात घाई होत नाही आणि माल जसा भरला तसा पोहोचतो.