‘मिस्टेक’ म्हणणारा संगणक

अकोल्यात मे महिन्यात दुपारी लाइट गेली की घरात करण्यासारखं फारसं काही उरत नाही. कूलर थांबलेला, खिडकीला ओली चादर, बाहेर पारा 45 च्या आसपास. अशाच एका दुपारी मी मोबाइलवर बीबीसी मायक्रो हा जुना संगणक सुरू केला. आधी एक जाड सूर, त्याच्यामागे बारीक ‘टिप्’, आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं : ‘बीबीसी कॉम्प्युटर 32के’. त्याखाली ‘बेसिक’, त्याखाली एक बाण आणि लुकलुकणारी रेघ. शेजारी लोळत पडलेल्या मुलीने डोळे न उघडता विचारलं, ‘‘बाबा, चार्जिंग कशाला संपवताय?’’

उत्तर जरा लांबलचक आहे.

हे यंत्र मी पहिल्यांदा पाहिलं ते अकोल्यातल्या माझ्या शाळेत, 1987 च्या सुमारास. ‘पाहिलं’ हाच शब्द बरोबर. चपला बाहेर, खाली सतरंजी, खिडक्यांना जाड पडदे आणि दोन संगणक. वर्गात आम्ही 60 पोट्टे, तास 35 मिनिटांचा, तोही आठवड्यातून एकदा. हिशोब केला तर वाट्याला सव्वा मिनिटही येत नव्हतं; आणि त्या मिनिटातलं अर्धं कळफलकावर ‘पी’ शोधण्यात जाई. एरवी खोलीला कुलूप. शिपायाला विचारलं की ठरलेलं उत्तर, ‘‘सर नाहीत, चाबी सरापाशी हाय.’’ दसऱ्याला मात्र कुलूप निघायचं. दोन्ही यंत्रांना हळदकुंकू, झेंडूची माळ, उदबत्ती. लाल रंगाच्या कळांच्या रांगेवर पिवळ्या पाकळ्या पडलेल्या मला अजून दिसतात.

ही यंत्रं शाळेत आली कशी, हे मला फार पुढे कळलं. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने शिक्षण मंत्रालय आणि एनसीईआरटी यांच्यासोबत 1984-85 मध्ये एक योजना सुरू केली. नाव लांबलचक, ‘कॉम्प्युटर लिटरसी अँड स्टडीज इन स्कूल्स’. बोलण्यात नुसतं ‘क्लास’. पहिल्या टप्प्यात देशभरातल्या सुमारे 250 शाळा घेतल्या. शिक्षकांना तयार करण्यासाठी अभियांत्रिकी महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत केंद्रं नेमली. यंत्र निवडलं ते इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या अकॉर्न कंपनीचं. 1 डिसेंबर 1981 रोजी ते बाजारात आलं होतं. बीबीसीने लोकांना संगणक शिकवण्यासाठी दूरदर्शनमालिका काढली आणि तिच्या जोडीला हे यंत्र, म्हणून नावात बीबीसी. पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेडने अकॉर्नशी करार करून ते भारतातही बनवलं. त्याच कारखान्याला 7 फेब्रुवारी 1989 रोजी भीषण आग लागली, आणि देशाचा चिप बनवण्याचा उद्योग बरीच वर्षं मागे गेला.

घरी संगणक घेणं ज्यांना परवडत होतं त्यांच्यासाठी डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सचा परवानाप्राप्त स्पेक्ट्रम प्लस होता. आमच्या ओळखीत तो कोणाकडे नव्हता. आमचा संगणक सरकारी, आणि तो कुलपात.

यंत्र म्हणून बीबीसी मायक्रो आजही मला आदर्श वाटतो, आणि हे केवळ आठवणीचं प्रेम नाही. आत 6502 हा प्रोसेसर, सेकंदाला 20 लाख ठोक्यांचा. स्मृती 32 किलोबाइट. त्यातली 20 किलोबाइट बारीक चित्रांचा पडदा निवडला की तोच खाऊन टाकी. उरलेल्या जागेत तुमचा प्रोग्रॅम. सोफी विल्सन यांनी लिहिलेली त्याची बेसिक भाषा त्या काळातल्या घरगुती यंत्रांत सर्वांत शहाणी. तिला न कळणारं काही टाइप केलं की पडद्यावर एकच शब्द येई : ‘मिस्टेक’. आकडा नाही, संकेतांक नाही, रागावणं नाही. काही चुकांना तर ‘सिली’ असं उत्तर मिळे. शाळेत चुकीला छडी होती. इथे एक यंत्र शांतपणे ‘चुकलं’ म्हणत होतं आणि पुन्हा बाण दाखवत होतं. मला वाटतं, मी त्या बाणाच्याच प्रेमात पडलो.

आणखी एक आज्ञा होती, ‘ओल्ड’. कळफलकाच्या कोपऱ्यात ‘ब्रेक’ नावाची कळ होती. तिच्यावर बोट पडलं की तासाभराचं काम पडद्यावरून गायब. पण ते स्मृतीतून लगेच जात नसे. ‘ओल्ड’ म्हटलं की परत येई. अट एवढीच की मधल्या वेळात नवी ओळ लिहायची नाही.

कुलपाबाहेरचा संगणक मला भेटला अमरावतीत. माझे मामा तिथल्या एका तांत्रिक महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत कामाला होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मूर्तिजापूर, बडनेरा करत त्यांच्याकडे जायचो, आणि संध्याकाळी सगळे गेले की ते मला आत घेत. मी हात मागे बांधून उभा. ते म्हणत, ‘‘पाह्य, याले काही होत नाही. दाब तू.’’ हे वाक्य मला शाळेत कोणी म्हटलं नव्हतं.

मामांना एक नाद होता. या यंत्रात 224 ते 255 या क्रमांकांची 32 अक्षरं स्वतः घडवता येत. ‘व्हीडीयू 23’ ही आज्ञा, पुढे अक्षराचा क्रमांक, आणि त्यापुढे आठ आकडे : आठ बाय आठ चौकटीतल्या प्रत्येक ओळीला एक. चौकटीच्या वहीत पेन्सिलीने घरं भरायची, प्रत्येक घराची किंमत डावीकडून 128, 64, 32 अशी निम्मी करत उजवीकडे 1 पर्यंत आणायची, बेरीज मांडायची. 255, 4, 4, 124, 100, 4, 4, 4. झाला ‘न’. पहिला 255 म्हणजे अख्खी शिरोरेघ, 4 म्हणजे उभा दंड, 124 म्हणजे डावीकडे जाणारा हात आणि 100 मध्ये त्याच्या टोकाची गाठ. वाचकाने वहीवर करून पाहावं. पाच मिनिटांत येतं.

मग खरी गंमत सुरू झाली. ‘न’ बसला, पण ‘नी’ची वेलांटी कुठे बसवायची? शिरोरेघ पहिल्याच ओळीत, वर जागाच नाही. ती एक ओळ खाली आणली तर खाली उकाराला जागा उरेना. ‘अमरावती’ लिहिण्यात आमच्या दोन संध्याकाळी गेल्या. आणि 32 घरांत सगळी मराठी बसणार कशी? ळ धरून व्यंजनंच 34. स्वर वेगळे, मात्रा वेगळ्या, जोडाक्षरांचं तर नावच नको. मामा एक शब्द लिहून झाला की तीच घरं पुसून पुढच्या शब्दासाठी नवी अक्षरं भरत. पण मग आधीच्या ओळीतलं काही पुन्हा छापायचं झालं तर सगळं पहिल्यापासून. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं आणि पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेलं जिस्ट तंत्र याच कोड्याचं व्यवस्थित उत्तर होतं. आम्ही दोघं अमरावतीत पेन्सिल घेऊन तेच कोडं सोडवत बसलो होतो, हे तेव्हा माहीत नव्हतं.

नव्वदच्या दशकात पीसी आले, आणि बीबीसी मायक्रो आधी कपाटावर, मग कपाटामागे, मग लिलावात गेले. मामाही गेले. त्यांची चौकटीची वही माझ्याकडे आली.

एम्युलेटरची गाठ पडली ती त्या वहीमुळे. एम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राचं सोंग घेणारा प्रोग्रॅम. खेड्यात बहुरूपी यायचा तेव्हा तो नुसता फौजदाराचे कपडे घालत नसे. चाल, खाकरणं, मिशीला पीळ, सगळं फौजदाराचं. एम्युलेटरलाही 6502 च्या 56 आज्ञा ओळखता येणं पुरत नाही. चित्र काढणारी चिप, आवाजाची चिप, घड्याळ ठेवणारी चिप, फ्लॉपीचा नियंत्रक, प्रत्येकाची खोड जशीच्या तशी यावी लागते. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं म्हणतात. इथे वेळेचं सोंग अवघड. 1984 चा ‘एलिट’ हा खेळ घ्या. इयान बेल आणि डेव्हिड ब्रेबेन या दोन विद्यार्थ्यांनी त्यात पडदा आडवा कापला : वरच्या भागात बारीक रेघांचं अवकाश, खाली रंगीत पट्टी. यंत्राला असं येतच नव्हतं. पडदा सेकंदाला 50 वेळा रंगवला जातो. प्रत्येक वेळी नेमक्या क्षणी, मध्येच, त्यांनी चित्राची पद्धत बदलली. एका फेरीत सुमारे 40 हजार ठोके. एम्युलेटर काही ठोके जरी चुकला तरी त्या सीमेवर पडदा फडफडतो.

बीबेम हा या घराण्यातला जुना एम्युलेटर. डेव्हिड गिल्बर्ट यांनी 1994 मध्ये तो युनिक्ससाठी लिहिला; नंतर माइक वायट आणि इतरांनी विंडोजवर आणून वाढवला. त्याची संहिता खुली आहे. मधली बरीच वर्षं त्याची नवी आवृत्ती आली नाही. माझ्यासारखे लोक अधूनमधून जाऊन पाहत, तीच जुनी तारीख. मग कोणीतरी नव्या माणसाने सूत्रं हाती घेतली आणि कामाला पुन्हा सुरुवात झाली. पगार नाही, बाजार नाही. मॅट गॉडबोल्ट यांनी तर अख्खा बीबीसी मायक्रो ब्राउझरमध्ये चालेल असा लिहिला. मे महिन्याच्या दुपारी माझ्या मोबाइलवर चालला तो हाच.

ही वाट पाहण्याची सवय वऱ्हाडी माणसाला नवी नाही. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर या अरुंद रुळांवरची आमची शकुंतला ही रेल्वेगाडी 1994 पर्यंत वाफेवर धावली. आता बंद आहे. ती ब्रॉडगेज होऊन परत यावी ही मागणी मात्र चालूच आहे. तिच्यावर प्रेम करणाऱ्यांना कोणी ‘जुन्यात रमलेले’ म्हटलं तर त्यांना राग येतो. ते तिकीट काढायला तयार आहेत.

मोबाइलची गोष्ट अजून बाकी आहे, आणि या सगळ्या प्रकरणातली ती माझी सर्वांत आवडती. माझ्या फोनमधला प्रोसेसर एआरएम घराण्यातला, बहुतेक वाचकांच्याही. हे घराणं अकॉर्नमध्येच जन्मलं. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी बीबीसी मायक्रोनंतर नवा प्रोसेसर आखायला घेतला तेव्हा चिप बनण्याआधी तिची नक्कल चालवून पाहायची होती. ती त्यांनी लिहिली बीबीसी बेसिकमध्ये. फर्बर यांचा नमुना 808 ओळींचा होता. 26 एप्रिल 1985 रोजी खरी चिप केंब्रिजला आली आणि बीबीसी मायक्रोला जोडल्यावर चालली. म्हणजे आज माझ्या खिशातली चिप ज्या यंत्राचं सोंग घेते, त्याच यंत्राने एके काळी तिच्या पणजीचं सोंग घेतलं होतं. मुलीला हे सांगितल्यावर ती उठून बसली. चार्जिंगचा विषय निघाला नाही.

त्याच दुपारी मी मामांच्या वहीतले आकडे एकेक करून भरले. फोनवर ते जिकिरीचं काम. बीबीसीवर अवतरणचिन्ह दोनच्या कळेवर होतं, आपल्याकडच्या लॅपटॉपवर ते भलतीकडे. फोनवर तर शोधावंच लागतं. बोटांना सोयीचा कळफलक हवा, ही माझी एम्युलेटरच्या पुढच्या आवृत्तीकडून पहिली अपेक्षा. सात अक्षरखुणा भरल्या, छापण्याची आज्ञा दिली. ‘मिस्टेक’. आज्ञेतलं एक अक्षर विसरलो होतो. ते घातलं. पडद्यावर ‘अमरावती’ आलं. वेलांटी शिरोरेघेला किंचित सोडून, तेव्हा होती तशीच.

आता तक्रार म्हणा की निर्णय म्हणा. त्या ‘क्लास’ योजनेबद्दल आपल्याकडे हळहळ खूप होते : यंत्रं धूळ खात पडली, शिक्षक बदलून गेले, इंग्लंडहून आलेले प्रोग्रॅम आपल्या अभ्यासक्रमाला जुळले नाहीत. हे खरंच आहे. पण या हळहळीत यंत्राचा दोष नाही. 60 मुलांना दोन यंत्रं हा पैशाचा प्रश्न होता, कुलूप हा मनाचा. एम्युलेटरने पहिला प्रश्न पूर्ण सोडवला आहे. पाचवीतल्या मुलाला बेसिक शिकवायला आज मला याहून बरं साधन दिसत नाही : जाहिरात नाही, खातं उघडायचं नाही, पैसे नाहीत, आणि सुरू होताच पहिलं काय येतं तर कोरी जागा. मी ते चार पोरांवर करून पाहिलं आहे. दोघं कंटाळले, दोघं उठायला तयार नव्हते. ज्या सव्वा मिनिटासाठी आम्ही रांग लावत होतो ते त्यांना हवं तेवढं मिळालं.

एम्युलेटर लिहिणाऱ्यांकडून आणखी काय मागायचं ते मागूच. पण एक गोष्ट ते परदेशात बसून करू शकणार नाहीत. इंग्लंडच्या शाळांतले खेळ, धडे, मासिकांबरोबरच्या कॅसेटी तिथल्या हौशी लोकांनी वेचून जतन केल्या. आपल्या शिक्षकांनी इथे लिहिलेलं, पाढे विचारणारं, कापसाच्या भावाचा आलेख काढणारं, मराठी अक्षरं घडवणारं जे काही असेल, ते सव्वापाच इंची फ्लॉप्यांवर आहे, आणि त्या फ्लॉप्या आपल्या माळ्यांवर आहेत. 40 ट्रॅकच्या एका बाजूवर 100 किलोबाइट मावतात. फोनमधल्या एका बऱ्या फोटोच्या जागेत अशा चाळीस बसतील. ग्रीझवीझल नावाचं तळहाताएवढं सर्किट जुन्या ड्राइव्हला जोडलं की फ्लॉपी लॅपटॉपवर उतरवता येते.

तेव्हा अकोला, अमरावती, यवतमाळ, बुलढाणा, वाशीमच्या निवृत्त गुरुजींना आणि बाईंना विनंती : दिवाळीच्या आवराआवरीत चौकोनी काळ्या तबकड्या, हिरव्या रेघांचे छापील कागद, प्रशिक्षणातल्या वह्या सापडल्या तर रद्दीवाल्याला देऊ नका. तबकडीवर पांढरी बुरशी दिसली तर ती कुठल्याही ड्राइव्हमध्ये घालू नका. एका बुरशीने ड्राइव्हही जातो. आणि नशिबाने कपाटामागे अख्खं यंत्रच सापडलं, तर हौसेने लगेच प्लग लावू नका. त्याच्या वीजपुरवठ्याच्या डब्यातले जुने कपॅसिटर तडकलेले असतात. काही मिनिटांत खोलीभर घाण वासाचा धूर होतो. आधी जाणत्या माणसाकडून ते बदलून घ्या.