तोलाची फळी आणि शिकाऊ स्वार

मनुष्य जन्मास आल्यावर जी पहिली विद्या संपादन करितो ती उभें राहण्याची होय. ती केव्हां साधली, किती वेळां पडल्यावर साधली, हें कोणासच आठवत नाहीं; आणि म्हणूनच उभें राहणें ही एक विद्या आहे याचा आपणांस सहसा विसर पडतो. ती विद्या पुन्हां पहिल्यापासून शिकावयास लावणारें एक यंत्र गेल्या कांहीं वर्षांत आपल्या मुलांच्या हातीं, किंबहुना पायीं, आलें आहे. होव्हरबोर्ड या नांवानें तें ओळखलें जातें. दोन टोकांस दोन चाकें, त्यांच्यामध्यें एक आडवी फळी, तिजवर दोन पावलांपुरती जागा. धरावयास मूठ नाहीं, दाबावयास ब्रेक नाहीं. आणि तरीहि वर उभा असलेला बारा वर्षांचा मुलगा हात मोकळे सोडून इमारतीच्या आवारांत सरसर फिरतो. घरांतील वडील मंडळी खिडकींतून पाहतात. कोणी कौतुक करितो, कोणी दरडावून खालीं उतरवितो. या दोहोंपेक्षां तिसरी गोष्ट अधिक उपयोगाची आहे. ती म्हणजे हें वाहन चालतें कसें आणि शिकणारा पडतो कां, हें समजून घेऊन मग त्याच्या जवळ उभें राहणें. प्रस्तुत लेखाचा हेतु एवढाच आहे.

प्रथम नांवाविषयीं दोन शब्द. इंग्रजींत ‘हॉव्हर’ म्हणजे अधांतरीं तरंगणें. १९८९ सालीं निघालेल्या ‘बॅक टु द फ्यूचर’ या चित्रपटाच्या दुसऱ्या भागांत चाकांवांचून तरंगणारी एक फळी दाखविली होती. तिचें नांव पुढें या चाकांच्या फळीस चिकटलें. तें अन्वर्थक नाहीं हें उघड आहे, कारण हिचीं चाकें भुईला घट्ट टेकलेलीं असतात. हिचा पूर्वज सेगवे. डीन केमेन नामक अमेरिकन संशोधकानें तें वाहन ३ डिसेंबर २००१ रोजीं न्यूयॉर्क येथें जगापुढें मांडलें. दोन चाकांवर उभी राहून, बसलेल्या अपंग माणसास इतरांच्या डोळ्यांच्या पातळीस आणणारी एक खुर्ची याच गृहस्थानें तयार केली होती; तिच्यांतील तोल राखण्याची युक्ति सेगवेंत उतरली. सेगवेस उभा दांडा व मूठ असे. त्याचें उत्पादन २०२० सालीं बंद झालें; युक्ति मात्र मागें राहिली. शेन चेन या चिनी वंशाच्या अमेरिकन संशोधकानें २०१३ सालीं दांडा नसलेली, मधोमध सांधा असलेली लहान फळी पुढें आणली. आणि २०१५ सालीं चीनमधील शेन्झेन शहराच्या परिसरांत तयार झालेल्या तशाच फळ्या देशोदेशीं पसरल्या.

आतां हिची युक्ति पाहूं. तळहातावर काठी उभी धरण्याचा खेळ वाचकांपैकीं बहुतेकांनीं लहानपणीं खेळला असेल. काठी पुढें कलली कीं हात पुढें न्यावयाचा, मागें कलली कीं मागें. म्हणजे काठीचा भार पुन्हां तळहाताच्या नेमका वर येतो. येथें स्वार ही काठी आणि फळी हा तळहात. फळीच्या पोटांत कल मोजणारे चिमुकले गायरोस्कोप असतात. स्वार पुढें झुकला कीं ते मोटरीस कळवितात आणि मोटर चाकांस त्याच्या खालीं पुढें पळविते. सेगवे यंत्रांत ही तपासणी सेकंदास सुमारें १०० वेळां होत असे. यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल कीं, हें वाहन स्वारास पुढें नेतें असें म्हणण्यापेक्षां पुढें पडणाऱ्या स्वारास तें सारखें सांवरून धरितें असें म्हणणें अधिक यथार्थ होय. पुढें जाणें हें येथें न पडण्याचेंच दुसरें नांव आहे.

फळीच्या दोन अर्ध्या भागांस आपण पाट म्हणूं. प्रत्येक पाटास त्याची स्वतंत्र मोटर असून ती चाकाच्या आंतच बसविलेली असते. दोन्ही चवड्यांवर किंचित् भार दिला तर फळी पुढें जाते. दोन्ही टांचांवर दिला तर ती मंदावते, थांबते आणि मग मागें येते. उजव्या चवड्यावर अधिक भार दिला तर उजवें चाक अधिक धांवतें व फळी डावीकडे वळते. एक चवडा आणि दुसरी टांच दाबली तर ती जागच्या जागीं गिरकी घेते. सगळी विद्या एवढीच आहे. ती सांगावयास दोन मिनिटें लागतात. मग शिकावयास दोन दिवस कां लागावेत?

याचें उत्तर नवशिक्याच्या पायांत आहे. फळीवर चढतांच त्याचे पाय थरथरूं लागतात आणि त्याबरोबर फळीहि थरथरते. पाहणारास वाटतें कीं यंत्र अस्थिर आहे. वास्तविक तेथें एकाच वेळीं दोन शिक्षक एकाच चुकीची दुरुस्ती करीत असतात. फळी किंचित् पुढें सरकली कीं स्वार घाबरून टांच दाबतो. तोंपर्यंत यंत्रानें आपलें काम केलेलें असतें, म्हणून ती टांच म्हणजे त्यास मागें जाण्याची नवी आज्ञा होते. तो पुन्हां चवडा दाबतो. यंत्र तीहि आज्ञा पाळतें. यंत्र जलद आहे, माणूस मंद आहे, आणि मंद असलेला जलदाची दुरुस्ती करूं पाहतो. त्यांतून ही थरथर वाढत जाते आणि शेवटीं मुलगा एकीकडे व फळी दुसरीकडे अशी स्थिति होते. नवशिका स्वतःचा तोल संभाळत नाहीं म्हणून पडत नाहीं. तो फार संभाळूं जातो म्हणून पडतो.

यास उपाय काय? ‘घाबरूं नको, पायांकडे लक्ष दे’ असा उपदेश आपण सहज करितों; त्याचा पूर्वार्ध निरुपयोगी आणि उत्तरार्ध अपायकारक आहे. गॅब्रिएल वुल्फ या विदुषीनें आपल्या सहकाऱ्यांसह १९९८ सालीं याविषयींचे प्रयोग प्रसिद्ध केले. बर्फावरून घसरण्याच्या खेळाची नक्कल करणाऱ्या एका हलत्या पाटावर शिकणारांस उभें केलें. कांहींस आपल्या पावलांवर लक्ष ठेवावयास सांगितलें, तर कांहींस पाटाखालच्या चाकांवर. ज्यांचें लक्ष पावलांवर नव्हतें ते अधिक चांगले शिकले. उभें राहण्याचें काम शरीरास पूर्वींच येत असतें. मन मध्यें पडून त्यास आज्ञा देऊं लागलें कीं शरीर गोंधळतें, असा याचा मथितार्थ आहे.

आमच्या आवारांत एका चौदा वर्षांच्या मुलास शिकतांना मीं पाहिलें. मुलगा धीट, परंतु नजर सारखी बोटांवर, आणि पाय क्षणभर स्वस्थ नाहींत. तिसऱ्यांदा पडल्यावर बांकावर बसलेल्या त्याच्या आजी, ज्या जन्मांत कधीं सायकलवरहि बसल्या नव्हत्या, त्यास म्हणाल्या, “अरे, चालवूं नकोस. नुसता उभा राहा आणि एकोणतीसाचा पाढा म्हण; मला ऐकूं येईल असा.” मुलगा भिंतीस हात लावून चढला आणि पाढा म्हणूं लागला. निम्म्यावर अडला, आठवण्यासाठीं त्यानें मान वर केली. फळीची थरथर थांबली होती आणि भिंतीवरचा हात केव्हांच सुटला होता. “आजी, थांबली!” तो ओरडला. “हो, पण पाढा चुकला,” असें म्हणून आजींनीं आपलें विणकाम पुढें चालविलें. गॅब्रिएल वुल्फ यांचें नांव त्या बाईंनीं ऐकलें असण्याचा संभव नाहीं; परंतु मनास दुसरें काम दिलें म्हणजे पाय आपलें काम करितात, एवढें त्यांस ठाऊक होतें.

चढण्याचीहि एक रीत आहे. फळी सपाट जागीं, दोन्ही पाट एका पातळींत येतील अशी ठेवावी. एक पाऊल तिच्या पाटावर, चाकाच्या शक्य तितकें जवळ, सपाट टेकावें. नंतर दुसरें पाऊल विलंब न करितां तसेंच टेकावें. पुष्कळजण येथेंच घुटमळतात. एक पाय वर आणि दुसरा भुईवर अशी त्रिशंकूची अवस्था लांबली कीं एकाच पाटाची मोटर जागी होते आणि फळी त्या पायाभोंवतीं गरकन् फिरते. उडी मारूं नये. जिन्याची पायरी चढतों तसें चढावें. वर गेल्यावर गुडघे किंचित् सैल, पाठ सरळ, आणि दृष्टि दहा पावलांपुढील एखाद्या खांबावर ठेवावी. पहिल्या दिवशीं केवळ उभें राहणें साधलें तरी पुष्कळ झालें.

जवळ उभें राहणाराचें काम याहून नाजूक आहे. त्यानें शिकणाऱ्याचे दंड पकडूं नयेत. ओढलेला हात म्हणजे शरीरास दिलेला कल होय आणि कल म्हणजे यंत्रास आज्ञा होय. समोर उभें राहून आपले दोन्ही तळहात वर करून धरावेत व शिकणाऱ्यास त्यांवर हात टेकूं द्यावेत. फळी चालूं लागली म्हणजे बाजूस येऊन एकच हात द्यावा, पुढें एक बोट, आणि मग तेंहि काढून घ्यावें. पण काढतांना सांगून काढावें. फसवून हात सोडण्याची आपल्याकडे सायकल शिकवितांना जी चाल होती ती येथें उपयोगाची नाहीं. दचकलेला स्वार कलतो, आणि कललेल्यास फळी घेऊन जाते. हें सर्व करण्यास स्वतःस ही विद्या येणें आवश्यक नाहीं. ज्यांचीं हाडें वयोमानानें ठिसूळ झालीं आहेत त्यांनीं फळीवर चढण्याचा मोह टाळावा. हात देण्यास मात्र तेच योग्य, कारण त्यांस घाई नसते.

यंत्रावर विश्वास ठेवावा असें म्हटलें, तरी त्या विश्वासास मर्यादा आहे. तळहातावरील काठी फार कलली कीं हात कितीहि धांवला तरी ती पडतेच. तसेंच मोटरीच्या शक्तीबाहेर झुकलेल्या स्वारास फळी सांवरूं शकत नाहीं. वेग फार झाला किंवा बॅटरी उतरली कीं ती सूचक आवाज करिते. तो ऐकतांच थांबावें. चाकें बहुधा साडेसहा इंचांचीं असतात, म्हणून उंबरठा, खडा, ओली फरशी व उतार हे तिचे वैरी होत. अगदीं हलकें मूल वर चढलें तर त्याचा भार पाटास नीट कळत नाहीं. बहुतेक फळ्यांस सुमारें २० किलो वजनाची किमान मर्यादा असते, ती पाहून घ्यावी. पडतांना मनुष्य स्वभावतःच हात पुढें करितो, त्यामुळें मनगटास इजा होण्याचें भय मोठें. हेल्मेट तर पाहिजेच, परंतु मनगटाचे पट्टेहि पाहिजेत. सार्वजनिक रस्ता हा हिचा प्रांत नव्हे. इंग्लंडांत २०१५ सालीं पदपथावर हिला मनाई असल्याचें जाहीर झालें, तेव्हां त्यास आधार दाखविला तो १८३५ सालच्या एका जुन्या कायद्याचा!

दुसरें भय बॅटरीचें. ६ जुलै २०१६ रोजीं अमेरिकेच्या ग्राहक-उत्पादन सुरक्षा आयोगानें १० कंपन्यांच्या मिळून ५ लक्ष १ हजारांवर फळ्या परत बोलाविल्या. लिथियम-आयन बॅटऱ्या तापून पेट घेत होत्या हें त्याचें कारण. तेव्हांपासून यू. एल. २२७२ ही विद्युत्-सुरक्षेची कसोटी रूढ झाली. विकत घेतांना ती खूण पाहावी आणि केवळ स्वस्ताईवर जाऊं नये. सोबत आलेलाच चार्जर वापरावा. रात्रीं सर्व मंडळी निजली असतां, किंवा घराच्या दाराच्या वाटेंत ठेवून, बॅटरी चार्ज करूं नये. आपटलेली वा भिजलेली फळी तपासून घेतल्यावांचून पुन्हां विजेस लावूं नये. ही जबाबदारी मुलांची नव्हे, वडिलांची आहे.

शेवटची गोष्ट उतरण्याची. आणि ती मीं मुद्दाम शेवटीं ठेविली आहे. चढणें सर्वांस शिकावेंसें वाटतें, उतरणें कोणी शिकवीत नाहीं. नवशिका सवयीनें पुढें पाऊल टाकूं जातो. तसें करितांना मागच्या चवड्यावर भार येतो, फळी पुढें झेपावते आणि त्याच्या टांचेवर आदळते. उतरावयाचें तें नेहमीं मागें. प्रथम पूर्ण थांबावें. एक पाय नीट उचलून मागें भुईवर टेकावा, आणि लगेच दुसराहि काढून घ्यावा. पाय फरफटत काढूं नये. चढून उभें राहणें, दहापर्यंत मोजणें आणि मागें उतरणें, एवढेंच वीस वेळां करावें. मग चालविण्याची परवानगी द्यावी. आवाराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जो वेगानें जातो त्यास आपण टाळ्या वाजवितों. परंतु टाळ्या राखून ठेवाव्या त्या, वाटेंत कोणी हांक मारिली असतां जो जागच्या जागीं थांबतो आणि मागच्या पावलानें शांतपणें उतरतो, त्याच्यासाठीं. त्यानंतर त्याच्याजवळ कोणी उभें राहिलें नाहीं तरी चालेल.